संदर्भयादीतलं दुसरं नाव

दसऱ्याच्या आगेमागे आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होते. रिसोड-मालेगावपासून पार कारंजा-मानोऱ्यापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंनी बाया वाकलेल्या दिसतात. एक सोंगते, दुसरी कापलेल्या झाडांचे ढीग कवेत घेऊन सुडीला लावते. ढिगाखाली काय बसलंय हे बघायला कोणाला सवड असते? हात घालायचा, उचलायचं, चालायचं. संध्याकाळी घरी आलं की पुन्हा चुलीसाठी तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगात हात, गोवऱ्यांच्या ढिगात हात. आणि मग कधीतरी एक किंकाळी, "इच्चू!"

पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. चिंचोका घासून लावा, कांदा चोळा, पलीकडच्या गावच्या मंतरवाल्याला बोलवा. बहुतेक वेळा रात्रभर ठणका लागतो आणि सकाळी कळ ओसरते, म्हणून मंतरवाल्याचं नाव होतं. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. एखाद्या बाईचं लुगडं घामानं चिंब होतं, ओकाऱ्या होतात, हातपाय गार पडतात. नातेवाईक म्हणतात, घाबरली आहे. काही तासांनी खोकला सुरू होतो, तोंडाला फेस येतो, श्वास लागतो. डंख पायाच्या अंगठ्याला झालेला असतो आणि जीव जातो तो हृदयापायी. लहान पोरं तर यात फार लवकर हातची जातात.

अंगठ्याला झालेल्या डंखाचा आणि हृदयाचा हा संबंध आज कुठलाही शिकाऊ डॉक्टर सांगेल. पण तो कोणीतरी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून लिहून काढलेला आहे. आणि तो लिहिला गेला महाराष्ट्रात, एका तालुक्याच्या गावी. मैत्रिणींनो, आज लिहायचंय ते विंचवावर थोडं आणि या लिहिण्यावर जास्त. डॉक्टर लोक जे शोधनिबंध लिहितात त्यांची किंमत कशी ठरते, कोण ठरवतं, आणि त्या हिशेबात तुमची-आमची नावं कुठे हरवतात, हा विषय महिला पुरवणीचा नाही असं कोणाला वाटेल. थोडं थांबून वाचा.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एम.बी.बी.एस. झाले आणि १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचू फार. तो आपल्याकडेही आहेच, पण तिथे भाताच्या पेंढ्यात, जांभ्या दगडाच्या फटीत, कुडाच्या भिंतीत त्याचा सुळसुळाट. दंश झालेली माणसं केंद्रात यायची आणि त्यातली काही डोळ्यांदेखत दगावायची. तेव्हाच्या पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. ॲलर्जीची इंजेक्शनं, स्टिरॉइड, झोपेचं औषध, असा सगळा अंदाजपंचे मामला. फुफ्फुसात पाणी झालेल्या दहा रुग्णांतले तीन तरी जायचे.

या तरुण डॉक्टरनं एक साधी गोष्ट केली. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. कधी दंश झाला, किती वाजता घाम सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय केव्हा गार पडले, केव्हा पुन्हा गरम झाले. १९८२ साली 'लॅन्सेट' या लंडनच्या जुन्या आणि मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदय धोक्यात येणार आहे हे कोणत्या लक्षणांवरून आधीच ओळखावं, हा त्याचा विषय. त्यावर नाव एकच, एच. एस. बावस्कर. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये दुसरा निबंध आला. दंशाचे हृदयावर जे परिणाम होतात त्यांवर प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग होतो, हे त्यात होतं. त्यावर नावं दोन होती : बावस्कर एच. एस., बावस्कर पी. एच.

ही पी. एच. म्हणजे डॉ. प्रमोदिनी हिंमतराव बावस्कर.

आधी गोळीचं सांगते, मग नावाकडे येऊ. शेतातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. विहिरीवरची मोटर जोरात चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळत नेतोय, असं समजा. मोटर गरम होणार, आवाज करणार, शेवटी बसणार. विंचवाचं विष मज्जातंतूंना असं काही चेतवतं की ॲड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात धो धो उतरतात. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. ढकलून ढकलून ते थकतं आणि पाणी मागे फुफ्फुसात साचतं. प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. त्याआधी बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं होतं. तेही वाहिन्या सैल करतं, पण ते शिरेतून थेंब थेंब द्यायचं, क्षणाक्षणाला रक्तदाब बघत. वीज गेली की कंदील लावणाऱ्या दवाखान्यात ते निभणार कसं? गोळी मात्र आरोग्य केंद्राच्या कपाटातही राहू शकते. स्वस्त आहे, तोंडानं घेता येते, आणि साधा एम.बी.बी.एस. डॉक्टरही ती देऊ शकतो. दहातले तीन जायचे, ते प्रमाण त्यांच्या नोंदींत शंभरात एकाच्या आसपास आलं.

(मात्र ही गोळी घरच्या डब्यात ठेवून आपणच द्यायची नाही बरं का. रुग्ण उठून बसला तरी रक्तदाब एकदम पडू शकतो. आडवं झोपवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर तीन तासांनी तपासत हे करावं लागतं. डंख झाला, त्यात घाम-ओकाऱ्या सुरू झाल्या, की १०८ ला फोन करायचा. चिंचोका नंतर लावा.)

आता शोधनिबंधाची किंमत. डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हा शेवटी एक यादी देतो. मी अमक्याचं हे वाचलं, तमक्याचं ते वापरलं. आपण नाही का म्हणत, ही पातवड्यांची रीत मी जाऊबाईंकडून घेतली? तसंच. पुढच्या लोकांच्या यादीत तुमच्या निबंधाचं नाव जितक्या वेळा येतं, तितकी तुमची 'सायटेशन्स'. युजीन गारफिल्ड या अमेरिकन गृहस्थांनी १९५५ साली ही कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांची सूची छापून येऊ लागली. हेतू साधा होता. कोणी काय लिहिलंय ते शोधायला सोपं जावं. त्यातूनच पुढे नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला. एखाद्या जर्नलमधल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो आकडा. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 'एच-इंडेक्स' काढला. तुमच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला असेल, तर तुमचा आकडा वीस.

शोधायची सोय म्हणून निघालेल्या गोष्टीची गुणपत्रिका झाली. नोकरी, बढती, संशोधनाचा पैसा, सगळं त्या आकड्यांवर. आणि गुणपत्रिका आली की कॉपी आलीच. तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो. आहेर आणि परतीचा आहेर. पैसे भरून निबंध छापून देणारी दुकानं निघाली. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या जाणत्या संपादक-संशोधकांनी जाहीरनामाच काढला, की माणसाचं काम जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर मोजू नका, निबंध वाचून बघा. जाहीरनामे निघतात. आकडे अजूनही मोजले जातात.

म्हणजे सायटेशन अगदीच खोटं का? तसंही नाही. महाडच्या दवाखान्यातलं निरीक्षण जगभर पोचलं ते याच वाटेनं. विंचू गरिबाघरचा, आणि तो जगात जिथे जिथे आहे तिथे गरिबाच्याच घरी शिरतो. २००८ मधल्या एका जागतिक आढाव्यात वर्षाला बारा लाखांवर दंश आणि सव्वातीन हजारांवर मृत्यू असा अंदाज होता. उत्तर आफ्रिकेत, पश्चिम आशियात, लॅटिन अमेरिकेत विंचूदंशाचे डॉक्टर आहेत. त्यांच्यापुढेही तीच मुलं, तोच फेस, तोच गार पडलेला हात. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये प्राझोसिनचा आपला अनुभव छापला. १९९२ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये, म्हणजे थेट हृदयरोगाच्या नियतकालिकात, बावस्कर पतिपत्नींचा निबंध आला. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं विंचूदंशावरचा आढावा हिंमतराव बावस्कर आणि ऑस्ट्रेलियाचे जेफ्री इसबिस्टर या दोघांचा छापला. डॉक्टरांच्या जगात यापेक्षा मोठं व्यासपीठ क्वचितच असेल.

यातला २०११ चा निबंध मला सगळ्यांत आवडतो. आयुष्यभर ज्या गोळीसाठी नाव झालं, तीच पुन्हा तपासायला घेतली. सत्तर रुग्ण. पस्तीस जणांना नुसतं प्राझोसिन, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि सोबत विंचवाचं प्रतिविष, ज्याला आपण लस म्हणतो. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले किती? नुसत्या गोळीवाल्यांत आठ. दोन्ही दिलेल्यांत बत्तीस. आपल्याच गोळीला दुसऱ्या औषधाच्या शेजारी उभं करायचं, ते दिल्यानं जास्त लवकर बरं वाटतं असं दिसलं तर ते तसंच छापायचं. असं करायला छाती लागते. याही निबंधावर नावं तीच दोन. एच. एस. आणि पी. एच.

आणि इथे मी अडते. संदर्भयादीत ही नावं अशीच येतात. आडनाव आणि आद्याक्षरं. तुर्कस्तानातल्या किंवा ट्युनिशियातल्या डॉक्टरला पी. एच. ही बाई आहे हे कसं कळणार? तिला दोघं भाऊ वाटत असतील, किंवा बापलेक. त्यातही गंमत बघा, 'पी' तेवढा तिचा. मधला 'एच' नवऱ्याचा, आडनाव नवऱ्याचं. तीन भागांच्या नावातलं एकच अक्षर स्वतःचं, आणि तेही पूर्ण नाही. आपल्या सगळ्यांच्या रेशनकार्डावर हेच असतं म्हणून आपल्याला ते खटकत नाही.

निबंधातलं दुसरं नाव म्हणजे नक्की किती काम, हे बाहेरच्यानं सांगू नये. पण थोडा विचार करून बघा. दर तीन तासांनी गोळी, दर तासाला नाडी, रक्तदाब, श्वास, हातपायांची ऊब तपासून लिहायचं. हे एका माणसाचं काम नव्हे. एक झोपला तर दुसऱ्यानं जागं राहावं लागतं. घरात दोघंही डॉक्टर आणि खाली दवाखाना, म्हणजे चोवीस तासांची ड्यूटी. तरीही आपल्याकडे अशा घरांबद्दल बोलताना वाक्य ठरलेलं असतं, 'पत्नीची मोलाची साथ लाभली'. साथ! शोधनिबंधावर साथ लिहीत नाहीत, लेखक लिहितात. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पुरस्कार एकेकट्याला असतात, त्याला इलाज नाही. पण १९८६ पासून त्या दोघांच्या निबंधांवर दोन नावं आहेत, ही गोष्ट पद्मश्रीच्या बातम्या वाचताना किती जणींच्या लक्षात आली?

नाव बदलण्याचा प्रश्न तर याहून चमत्कारिक. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. संशोधक पुरुषाचंही तसंच असतं. नागपूर, पुणे, अमेरिका, कुठेही जावो, त्याचे निबंध त्याच्या नावानं त्याच्या मागे जातात. बाईचं बिऱ्हाड मात्र लग्नाच्या मांडवात उतरवून घेतात. कमला भागवत आठवा, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तर हट्टानं तो मिळवला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. त्यांचे तिथले निबंध के. भागवत या नावानं. १९४७ मध्ये लग्न झालं, मुंबईत आल्या, नीरा आणि कडधान्यांवर काम केलं. ते निबंध के. सोहोनी या नावानं. आपल्याला ठाऊक आहे की बाई एकच. सायटेशन मोजणाऱ्या यंत्राला त्या दोन बायका वाटतात, आणि दोघींचेही आकडे अर्धेमुर्धे. यावर तोडगा निघाला तो २०१२ मध्ये. 'ऑर्किड' नावाचा सोळा आकडी क्रमांक. आधार कार्डासारखा संशोधकाचा कायमचा नंबर, आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. फुकट मिळतो. पीएच.डी. करणाऱ्या आपल्या लेकींनी-सुनांनी लग्नाआधीच तो काढून ठेवावा, हा माझा अगदी व्यवहारातला सल्ला आहे. साडीच्या याद्या करताना एवढं एक काम त्यात घाला.

विदर्भात दुसरंही उदाहरण आहे, आणि तिथे क्रम उलटा आहे. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या बायकांवर निबंध आला. साडेसहाशे बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना पोटाखालचा काही ना काही आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. त्या निबंधावर पहिलं नाव आर. ए. बंग. म्हणजे डॉ. राणी बंग. डॉ. अभय बंग यांचं नाव त्यानंतर. तो निबंध जगभर गाजला, तोवर बायकांच्या आरोग्याच्या योजना बाळंतपणापलीकडे फारशा बघत नव्हत्या. घोषणा नाही, मोर्चा नाही. तपासलं, मोजलं, लिहिलं.

हे सगळं आजच सांगायचं कारण आपल्या जिल्ह्यातच आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा. जीव घाबरा झाला की अकोला, नाहीतर नागपूर, नाहीतर संभाजीनगर, ही आपली जुनी सवय. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात वाशिम होतं. शंभर जागा. म्हणजे आता इथे प्राध्यापक येणार, आणि प्राध्यापक आले की शोधनिबंध आलेच, कारण त्याशिवाय बढती नाही. २०१५ मध्ये तर तेव्हाच्या वैद्यक परिषदेनं फक्त पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय धरायचा नियम काढला होता, मग २०२० मध्ये तो सैल केला. नियम कसाही असो, निबंध लिहावेच लागतात.

पण कशावर लिहिणार? २०१६ मध्ये डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्था तपासल्या. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत ३३२ संस्थांमधून एकही निबंध आला नव्हता. एकही! मोठमोठ्या इमारती, कोट्यवधींची यंत्रं, आणि दहा वर्षांत लिहिण्यासारखं काही दिसलं नाही. त्याच दहा वर्षांत तिकडे महाडच्या खाजगी दवाखान्यातून दोन माणसं लिहीतच होती. त्यांच्याकडे संशोधन विभाग नव्हता, पदव्युत्तर विद्यार्थी नव्हते. रुग्ण होते आणि वही होती.

वाशिमच्या महाविद्यालयातल्या अपघात विभागात सोंगणीच्या दिवसांत कोण येईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. साप चावलेला येईल, विंचू चावलेली येईल, फवारणीचं विष नाकातोंडात गेलेला येईल, आणि कर्जापायी तेच विष प्यालेलाही येईल. यातल्या प्रत्येकात जीव धोक्यात येऊ शकतो. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. म्हणजे ते आजवर दुर्लक्षित होते, हे त्यांनीच कबूल केलं. यावर निबंध लिहिला तर सायटेशन थोडी मिळतील, हेही खरं. मोठ्या शहरांतल्या स्टेंटवर हजारो लोक लिहितात म्हणून एकमेकांचे उल्लेखही हजारो होतात. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या बाईच्या डंखावर लिहिणारे मूठभर, त्यांचा उल्लेख करणारेही मूठभर. एखादा नवा प्राध्यापक हिशेबी असेल तर तो स्टेंटवरच लिहील, आणि त्याला दोष कसा द्यायचा? नियमच तसे केलेत.

म्हणूनच बाहेरून कोणीतरी विचारलं पाहिजे. कोणी का, आपणच. आपल्याच जिल्ह्यातल्या मुलीही त्या शंभर जागांवर जाणार. वर्षभराचा विंचूदंशाचा आकडा महाविद्यालयात एका जागी लिहिलेला आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि प्रतिविष दसऱ्याआधी आलं का, की दिवाळीनंतर? सुडीपासून केंद्रापर्यंत पोचायला बाईला किती तास लागले, हे केसपेपरवर कोणी लिहितं का? 'अननोन बाइट' लिहून पान उलटलं जातं, तिथेच पुढचा निबंध मरतो.

आणि ही नोंद ठेवणार कोण, ते आपल्याला ठाऊकच आहे. रात्रपाळीची सिस्टर. नाडी तीच बघणार, हातपाय गरम झाले का हे तीच चाचपणार, आकडा तीच लिहिणार. उद्या त्या वहीतून वाशिमचा पहिला निबंध निघालाच, तर लेखकांच्या रांगेत तिचं नाव असावं, आणि आद्याक्षरांत नव्हे, पुरतं लिहिलेलं असावं. निदान त्या वहीच्या पहिल्या पानावर तरी ते आजपासून लिहायला काहीच हरकत नाही.